ड्युरेबल की स्टर्डी?

वाशीत माझा भाचा लोखंडी रॅक आणि टेबलं बनवून विकतो. ऑनलाइन विक्रीसाठी त्याने इंग्रजीत वर्णनं लिहिली आणि तपासायला मला पाठवली. प्रत्येक वस्तूपुढे तेच, ‘स्टर्डी अँड ड्युरेबल’. दोन्ही कशाला, म्हटलं. तर म्हणतो, “मामा, दोन्हीचा अर्थ मजबूतच ना?”

घोळ त्या ‘मजबूत’पाशीच आहे, कारण आपण तो दोन्हीकडे चालवतो. तो बाजूला ठेवा आणि मराठीतलेच दुसरे दोन शब्द घ्या. ड्युरेबल म्हणजे टिकाऊ, स्टर्डी म्हणजे दणकट. पहिल्याचा हिशोब वर्षांत, दुसऱ्याचा किलोत. आजीची पैठणी नात नेसते, ती ड्युरेबल; तिला स्टर्डी कोणी म्हणणार नाही. माळ्यावरचा डबा काढायला ज्यावर बिनधास्त चढता, ते स्टूल स्टर्डी.

दणकट ते टिकाऊ असेलच असं मात्र नाही, आणि हे नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. खाडीकडच्या बाल्कनीची ग्रिल दोन माणसं लटकली तरी हलत नाही, पण काही पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटायला लागतात. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 साली सुरू झाला. अवजड वाहनं पेलण्यासाठीच बांधलेला, म्हणजे स्टर्डी. पण खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या पोलादी केबल गंजल्या, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि 1997 साली शेजारचा दुसरा पूल वाहतुकीला खुला झाला. इंजिनिअर लोक म्हणूनच ताकद आणि टिकाऊपणा यांचा विचार वेगवेगळा करतात. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सौम्य हवेत किमान 20 मिलिमीटर, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 75 मिलिमीटर सांगितलंय. ही जादा जाडी वजन पेलायला नाही, गंज लांब ठेवायला.

माणसांबद्दल लिहिताना स्टर्डीच घ्या. धट्टंकट्टं मूल स्टर्डी. ड्युरेबल म्हटलं तर त्याला वॉरंटी आहे की काय असं वाटेल. स्टर्डी या शब्दाचा जन्म गमतीचा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ भांबावलेला; इंग्रजीत तो आधी आडदांड झाला, मग धडधाकट. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्यांत हातपाय धड असून भीक मागणाऱ्याला ‘स्टर्डी बेगर’ म्हणत.

ड्युरेबल लॅटिनमधून आला, ड्युरेशन आणि एन्ड्युअर त्याचीच भावंडं. त्यामुळे हात लावता न येणाऱ्या गोष्टींनाही तो चालतो: शांतता, करार, मैत्री. फ्रिज-वॉशिंग मशीनला ‘कन्झ्युमर ड्युरेबल्स’ म्हणतात ते त्या रोज विकत घ्याव्या लागत नाहीत म्हणून. नॉब वर्षात हातात आला तरी नाव तेच!

जोडीने दोन्ही शब्द लिहायचेच असतील तर दोन्ही बाजू दाखवता आल्या पाहिजेत: किती वजन पेलतं आणि किती वर्षं. भाच्याकडे एकच रॅक त्यात बसला. सांगाडा स्टर्डी, वरचं पावडर कोटिंग ड्युरेबल, असं वेगवेगळं लिहिलं. घडीच्या टेबलावर कोपर टेकलं की ते डुगडुगतं. त्याच्यापुढे आम्ही ‘लाइटवेट’ लिहून टाकलं.