आजीचं हिप ऑपरेशन – दादरच्या हॉस्पिटलचा अनुभव

आजी ८२ वर्षांची, बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी. दादरला घराजवळच्याच हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी एक्सरे दाखवून नीट समजावलं की तिथे मोडलं की हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, म्हणजे गोळ्याचा, रक्तपुरवठा तुटू शकतो, या वयात स्क्रू टाकून जुळेलच असं नाही, म्हणून फक्त गोळा बदलायचा, तो ज्यात बसतो ती कमरेच्या हाडातली वाटी तिची स्वतःचीच राहते. म्हणजे अर्धा सांधा. सिमेंट लावून बसवला, कारण हाडं ठिसूळ.

दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी केली!! मला तर रडूच आलं, कारण आमच्या शेजारच्या काकू अशाच पडल्या, तेव्हा घरच्यांनी घाबरून ऑपरेशन नको म्हटलं आणि त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. प्लीज वयाला घाबरून दिवस घालवू नका, शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.

तक्रार एकच, पण मोठी. रात्री आजी भ्रमात बडबडायला लागली, आम्ही हादरलो, आणि नर्स म्हणाली होतं असं. अहो मग आधी सांगा ना! तीन दिवसांनी उतरलं ते. डिस्चार्जच्या वेळी मांडी घालून बसू नका, कमोडच वापरा हे सांगितलं, पण हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्यांचं आम्हालाच विचारावं लागलं.

फिजिओच्या ताईंना मात्र पैकीच्या पैकी. आता तीन महिने झाले, आजी काठी घेऊन गॅलरीत तुळशीला पाणी घालते.