रेट्रोआर्चचं सेव्ह स्टेट: सोय उत्तम, आयती मांडणी धोक्याची

रेट्रोआर्च म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम फोन-कॉम्प्युटरवर खेळवणारं ॲप. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज-अँड्रॉइडवर चालतं आणि मे २०२४ पासून आयफोनच्या ॲप स्टोअरवरही मिळतं. गेम मात्र त्यात येत नाहीत, ते आपले आपण आणायचे. इथे पूर्ण ॲपची चिरफाड करत नाही. बहुतेकांना ज्यासाठी ते हवं असतं, त्या सेव्ह स्टेटपुरतंच बोलू.

टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवरच्या काँट्रा या गेममध्ये सेव्ह नावाची गोष्टच नव्हती. लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. सेव्ह स्टेट त्या क्षणी मशीन जसं असेल तसं गोठवतं: एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलची २ केबी रॅम, व्हिडिओ मेमरी, प्रोसेसरची रजिस्टर, सगळं. गेम ज्या आकड्यावरून 'नशीब' ठरवतो तो आकडाही त्यातच येतो. म्हणून स्टेट लोड करून त्याच फ्रेमला (पडद्यावरच्या त्याच चित्राला) तीच बटणं दाबलीत तर तेच घडणार. बॉसने वेगळी चाल करावी असं वाटत असेल तर लोड केल्यावर अर्धा सेकंद थांबा किंवा एक उडी जास्त मारा.

आता तक्रार. कीबोर्डवर सेव्ह एफ२ आणि लोड एफ४, मध्ये एकच बटण. मेल्यावर घाईत हात चुकतो आणि खड्ड्यात पडणारा हीरो चांगल्या स्टेटवर छापला जातो. यावर तीन उपाय आहेत, तिन्ही पहिल्याच दिवशी करा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सेव्हिंग' उघडून सेव्हचा स्लॉट आपोआप पुढे सरकवणारा पर्याय चालू करा, म्हणजे प्रत्येक सेव्ह नव्या फाइलीत जाईल. तिथेच स्टेटचं छोटं चित्र साठवायचा पर्याय आहे, तोही घ्या, नाहीतर स्लॉट ७ मध्ये काय होतं ते आठवत बसाल. गेमपॅडवर 'इनपुट', मग 'हॉटकीज' असं जाऊन 'हॉटकी एनेबल' (शॉर्टकट चालू करणारं बटण) सिलेक्टला द्या, सेव्ह सिलेक्ट आणि आर१ ला, लोड सिलेक्ट आणि एल१ ला. दोन्ही हातांची दोन वेगळी बोटं, गोंधळ संपला. एवढं करूनही चूक झालीच तर क्विक मेनूत 'अनडू सेव्ह स्टेट' आहे. ते फक्त शेवटच्या सेव्हपुरतं चालतं, म्हणून पुन्हा सेव्ह दाबण्याआधी आणि गेम बंद करण्याआधी वापरा.

बाहेर पडताना आपोआप स्टेट करणारा आणि सुरू होताना तो लोड करणारा, असे दोन पर्याय आहेत. अवघड गेमसाठी दोन्ही बंदच बरे. शेवटच्या जीवावर वैतागून बाहेर पडलात तर दुसऱ्या दिवशी तोच शेवटचा जीव समोर उभा.

खरी कसोटी निन्जा गायडनमध्ये (जपानमध्ये १९८८, अमेरिकेत १९८९). फटका बसला की हीरो रियू मागे उडतो, आणि मागे नेमका खड्डा असतो. शत्रू जिथून येतो ती जागा पडद्याच्या कडेला गेली-आली की मारलेला शत्रू पुन्हा हजर होतो. त्यामुळे कडेवर उभं राहून स्टेट घेऊ नका, पूर्ण पायरीवर, शत्रू नसताना घ्या. मागे उडत असताना घेतलेला स्टेट म्हणजे कायमचा मृत्यू. शेवटच्या तीन बॉसपैकी कोणीही मारलं तरी मूळ गेम ६-१ वर (सहाव्या अंकाच्या पहिल्या टप्प्यावर) परत पाठवतो. माझ्या मते या गेमची ही एकच अट अन्यायाची आहे, आणि तिच्यासाठी बॉसच्या दाराशी स्टेट ठेवण्यात कसलीही लाज नाही. ६-२ मात्र तुकडे करून शिका: दर दोन उड्यांना सेव्ह करू नका, खोलीच्या सुरुवातीला एकच स्टेट ठेवा आणि खोली सलग तीनदा पार झाली की मगच पुढचा.

मेगा मॅन २ मध्ये सापळा वेगळा आहे. खलनायक विलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या टप्प्याच्या बॉसखोलीत भिंतींवरच्या तोफा आणि मधले अडसर, दोन्हींना क्रॅश बॉम्ब हेच हत्यार लागतं, आणि हत्याराच्या भरलेल्या पट्टीत तो फक्त ७ वेळा सुटतो. एक-दोन वाया गेल्यावर स्टेट घेतलात तर कितीही वेळा लोड करा, हिशोब जुळत नाही. जीव गेल्याने पट्टी भरत नाही. गेम ओव्हर होऊ द्या, कंटिन्यू करा, मग भरते. घोस्ट्स एन गॉब्लिन्समध्ये मशाल उचलल्यावर सेव्ह करणं हीच चूक, कारण ते हत्यार बदलेपर्यंत तुमचीच वाट लागते. काँट्रातही जीव कमी झाला तर चालेल, पण एस गन (गोळ्या पसरून मारणारी बंदूक) हातात असतानाचा स्टेट सांभाळून ठेवा. शेवटच्या टप्प्यात तिची किंमत तीन जीवांहून जास्त.

रिवाइंडची (खेळ मागे सरकवायची) सोयही आहे, 'फ्रेम थ्रॉटल'मध्ये, मुळात बंद. एनईएसला चालतं, जड कोअरना (कोअर म्हणजे एकेका कन्सोलची नक्कल करणारा भाग) फोन धापा टाकतो. चूक दोन सेकंद मागे ढकलली जाते, हात काही शिकत नाही. मी ते बंदच ठेवायला सांगेन. जुन्या गेमसाठी ट्रॉफ्या देणाऱ्या रेट्रोअचीव्हमेंट्स या सेवेच्या हार्डकोअर मोडमध्ये तर स्टेट लोड करणं आणि रिवाइंड दोन्ही चालत नाहीत. ट्रॉफ्या हव्या असतील तर सराव साध्या मोडमध्ये करा.

झेल्डासारख्या बॅटरी-सेव्हच्या (कॅसेटमधल्या बॅटरीवर प्रगती टिकवणाऱ्या) गेममध्ये जुना स्टेट लोड झाला की गेमचा स्वतःचा सेव्हही त्या तारखेला परत जातो. हे टाळायचा पर्याय 'सेव्हिंग'मध्येच आहे. आणि मेसेन कोअरचा स्टेट नेस्टोपिया या दुसऱ्या एनईएस कोअरमध्ये उघडत नाही, कधीकधी त्याच कोअरच्या नव्या आवृत्तीतही नाही. गेम अर्धवट असताना कोअर अपडेट करू नका. करायचंच असेल तर आधी गेमच्या स्वतःच्या सेव्हपर्यंत किंवा पासवर्डपर्यंत पोहोचा, आणि 'स्टेट्स' फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवा.