साडेतेराशेचा डीव्हीडी रायटर: वर्षभराच्या वापरानंतर

पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्न, मुंज, बारसं आणि कामदा एकादशीचा रथोत्सव, अशी पंचवीस वर्षं शूटिंग करतोय. त्यातली बरीच वर्षं माल सीडी-डीव्हीडीवरच दिला. आता तीच गिऱ्हाइकं डिस्क घेऊन परत येतात, "दादा, पेनड्राइव्हवर करून द्या, घरात प्लेअरच राहिला नाही." म्हणून मागच्या दिवाळीआधी एम. जी. रोडवरून यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर आणला, साडेतेराशेला. चारशेच्या वर डिस्क त्यातून गेल्या. त्यावरून लिहितोय.

आधी वस्तूबद्दल. ट्रे आपणहून पूर्ण उघडत नाही. बटण दाबलं की स्प्रिंगने बोटभर पुढे येतो, बाकी हाताने ओढायचा. डिस्क मधल्या कड्यावर कट्‌ आवाज येईपर्यंत दाबायची आणि तेव्हा ट्रेला खालून दुसऱ्या हाताचा आधार द्यायचाच. केबलला दोन यूएसबी पिना आहेत, दुसरी फक्त करंटसाठी. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, डिस्क फिरायला लागताना रायटर त्याहून जास्त ओढतो. मी पहिले चार दिवस एकच पिन लावली होती. डिस्क फिरायची, थांबायची, परत फिरायची. बदलून आणायला निघालोच होतो. दोन्ही पिना लावल्या आणि तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

पण हा रायटर मी तीन कॉम्प्युटरवर चालवतो, आणि खरा फरक डिस्क बाहेर काढताना दिसतो. डिस्क माउंट होणं म्हणजे कॉम्प्युटरने तिच्यावरची फाईलींची मांडणी वाचून ती आपल्यासमोर उघडणं. अनमाउंट म्हणजे तिच्यावरचा हात काढून घेणं. आणि इजेक्ट म्हणजे ट्रे उघडणं. ही तीन वेगळी कामं आहेत. जुन्या डिस्कचं काम करणाऱ्याला ती वेगवेगळी करता आली पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे.

विंडोजमध्ये अक्षर मिळतं ते रायटरला, डिस्कला नाही. ट्रे रिकामा असला तरी ई किंवा एफ दिसत राहतो. राइट क्लिक करून इजेक्ट दिलं की काम झालं, पण नुसतं अनमाउंट करायची सोय समोर दिसत नाही. मॅकवर (भाचीचा आहे) डिस्क आपल्या नावानिशी येते, आणि तिचं चित्र ट्रॅशकडे ओढायला लागलं की ट्रॅशचं इजेक्टचं चिन्ह होतं. पहिल्यांदा ओढताना माझा हात थांबला होता, शूटिंग पुसलं जाईल म्हणून. काही पुसलं जात नाही. तिथल्या डिस्क युटिलिटीत अनमाउंट आणि इजेक्ट वेगळे दिलेत, ते मला फार पटलं.

दुकानात मी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टीम) जुना लॅपटॉप लावलाय. तिथे डिस्क एका फोल्डरवर बसते आणि माउंट असेपर्यंत रायटरचा दरवाजा कुलूपबंद राहतो. एकदा टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, अनमाउंट करायला गेलो तर उत्तर 'टार्गेट इज बिझी', म्हणजे डिस्क अजून वापरात आहे. प्लेअर बंद, फाईल कुठलीच उघडी नाही. फ्यूजर नावाची कमांड दिली, ती डिस्क कोणी धरून ठेवलीय ते सांगते. उत्तर आलं, बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम. थोडक्यात, मीच दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच डिस्कच्या फोल्डरमध्ये उभा होतो. तिथून बाहेर आलो आणि पुढच्या क्षणी डिस्क मोकळी. कोण अडवतंय ते कळलं की जबरदस्ती करायची वेळ येत नाही.

याचा उपयोग किती, ते सराफ बाजारातल्या एका वहिनींच्या डिस्कने दाखवलं. २००७ चं लग्न. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी खालच्या कपाटात शिरलं, त्यात ती डिस्क चिखलात गेली. साध्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, गोल फिरवून नाही. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती पाण्यातून वाचते. सीडीत तो थर वरच्या नावाच्या बाजूला, नुसत्या लॅकरखाली असतो. तिथे ओरखडा गेला की संपलं. या डिस्कचे ओरखडे बाहेरच्या कडेला होते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि ही काठोकाठ भरलेली, म्हणजे मंगलाष्टकं शाबूत आणि पाठवणी धोक्यात.

डिस्क ट्रेमध्येच ठेवून अनमाउंट केली, म्हणजे मधे दुसरं कोणी तिला हात लावणार नाही, आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम लावला. तो आधी चांगला भाग उचलतो, अडलेला सोडून पुढे जातो, मग मागे येऊन त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, वीज गेली तरी तिथून पुढे सुरू. रात्री नऊला लावलं, सकाळी दुकान उघडलं तेव्हा रायटर अजून घरघरत होता. पाठवणीत तीन ठिकाणी चित्र फुटतं, एवढंच. वहिनींचे वडील आता नाहीत. त्या चित्रात ते दाराशी उभे दिसतात, सलग.

तयार झालेली आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एकाच फाईलमधली नक्कल) विंडोज ८ पासून डबल क्लिकने डिस्कसारखीच माउंट होते, आणि ती बंद करायलाही इजेक्टच द्यावं लागतं. गिऱ्हाइकाला हे मी कागदावर लिहून देतो.

लिहिण्याच्या कामात एक जपा. विंडोज डिस्क लिहिताना विचारतं, पेनड्राइव्हसारखी हवी की प्लेअरवर चालणारी. टीव्हीला लावायची असेल तर दुसरंच निवडा. पहिलं निवडलं तर इजेक्ट देताना विंडोज सत्र बंद करतं, म्हणजे तेवढ्या वेळचं लिहिणं पुरं करून मिटवतं, त्यात जरा वेळ आणि साधारण २० एमबी जागा जाते. तेवढं थांबा. दुसऱ्या एका शूटिंगवाल्याने घाईत दिलेली, सत्र बंद न केलेली डिस्क माझ्याकडे आली होती. घरच्या प्लेअरने ती घेतलीच नाही. ट्रेजवळचं बारीक भोक अडकलेल्या डिस्कसाठी आहे. त्यात टाचणी घालायची ती केबल काढल्यावर, डिस्क फिरायची थांबली की.

पाचपैकी साडेचार. अर्धा केबलसाठी कापला, फार आखूड आहे. घेताना दोन पिनांची केबल मागून घ्या. मी याच महिन्यात दुसरा रायटर आणतोय, रथोत्सवाच्या माझ्या स्वतःच्या डिस्क अजून कपाटात आहेत.