20 लिटरचा जार: विडी घरकुलातला आणि सायगॉनजवळचा

आमच्याकडं, सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत, रोज सकाळी पावणेआठला जार येतो. थंड पाण्याचा, खाली तोटी असलेला, 20 लिटरचा. 35 रुपये. देणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर आहे आणि माणूस चांगला आहे.

आधी माणसाबद्दलच. जार टाकणारा पोरगा घरी कन्नड बोलतो, आमच्या अम्माशी मोडक्या तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत. गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून कोपऱ्यापासून खांद्यावर आणतो. "ओ मालक, रिकामा बाहेर काढा की!" ही आरोळी ऐकून आमची घड्याळं लागतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेतसुद्धा खाडा नाही. सेवेला पाचपैकी पाच.

आता पाणी. मी 200 रुपयांचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन आणलंय. जारचं पाणी 40 च्या आसपास, नळाचं 400, बोअरचं 1100 च्या वर. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडची मर्यादा 500 ची, म्हणजे नळ पास आहे. मग जार कशाला? तर नळ चार दिवसाआड येतो, कधी पाच. ते पाणी हौदात बसून राहतं. वाईट नाही हो, शिळं आहे. आणि पेन फक्त क्षार सांगतं, जंतू सांगत नाही. जारला सील नाही, झाकण नुसतं दाबलेलं. जूनमध्ये तोटी उघडून आत बोट फिरवलं तर बोटाला हिरवं शेवाळ. पोरानं न भांडता जार बदलून दिला, पण आतून कधी धुतात, हे विचारलं की हसतो. पाण्याला पाचपैकी तीन, तेही थंड असतं म्हणून.

इथल्या-तिथल्या जारची तुलना माझ्या डोक्यात घुसली ती व्हिएतनाममुळं. मी जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे लूम लावण्यात वीस वर्षं गेली. 2022 ते 2024 सायगॉनला (हो ची मिन्ह शहराला) लागून असलेल्या तेव्हाच्या बिन्ह डुओंग प्रांतात एका कापड गिरणीत होतो. तिथं गॅसची टाकी आणि पाण्याचा जार एकाच दुकानात मिळतो. फोन केला की मोटारसायकलला चारी बाजूंनी जार बांधून माणूस हजर. सीलबंद, आमच्या गल्लीत 20 हजार डोंगला, म्हणजे तेव्हाचे 65-70 रुपये. आपल्या दुप्पट! पण आम्हा दोघांत आठवड्याला एक पुरायचा, कारण तो फक्त प्यायला. बाकी सगळ्याला नळ, चोवीस तास. नळाचं तसंच कुणी पीत नाही, उकळतात.

पहिल्या आठवड्यात मी सवयीनं एक पिंप आणून काठोकाठ भरून ठेवलं. घरमालकीणबाई (सगळे तिला 'को' म्हणायचे, म्हणजे आत्याच) आली, पिंपाकडं बघितलं, हातानं डास उडवल्याची खूण केली आणि सगळं ओतून दिलं. माझा जीव तुटला! त्या वर्षी तिकडं डेंगीची मोठी साथ होती आणि तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आमच्या गल्लीत घरटी दोन पिंपं आणि एक हौद आहे. डेंगी दरवर्षी का येतो, हे मला को-नं शिकवलं.

व्हिएतनामनं अर्थव्यवस्था 1986 ला खुली करायला घेतली, आपण 1991 ला. 2025 च्या मानव विकास अहवालात ते 93 वे, आपण 130 वे. पण तिथं आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजतात, नळ किती दिवसाआड येतो ते नाही. माझी बायको शाळेचे गणवेश शिवायला जाते, नगावर मजुरी. नळाच्या दिवशी तिचा खाडा. पाणी कधी पहाटे तीनला, कधी दुपारी. बिन्ह डुओंगला माझ्या शेजारच्या मागांवर बायकाच होत्या, दोन वर्षांत एकीनंही पाण्यासाठी सुट्टी घेतलेली बघितली नाही. जार 35 चा की 70 चा, या हिशेबात तो खाडा कुणी धरत नाही.

तिकडं सगळं गोड होतं असं नाही. भरतीला सायगॉनच्या सखल गल्ल्यांत घोट्याएवढं पाणी. आठवड्याला सहा दिवस काम. भाकरीची आठवण तर विचारू नका. अमावस्या-पौर्णिमेला बरेच लोक शाकाहारी जेवतात, तेवढे दोन दिवस माझे सणाचे. आणि एकच पक्ष, तक्रार हळू आवाजात. आपल्याकडं पाणी नाही आलं तर बायका हंडे घेऊन महापालिकेवर जातात, पेपरात फोटो येतो. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनस 60 टक्क्यांच्या आसपास गेलं (म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा राखीव साठाही उपसला) तेव्हा मी नुकताच परतलो होतो. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ऑगस्टात धरण भरलं. नळ मात्र चार दिवसाआडच.

जार घ्यायचा असेल तर घ्या, पण तोटी काढून आत बघा, आणि उन्हात ठेवू नका. काल रात्री जारवाल्या पोराचा फोन आला, "मालक, उद्या तुमचा नळ हाय, जार टाकू का?" आमच्या गल्लीचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे.