कोडॅक गोल्ड २००: दोष फिल्मचा नव्हता
वडिलांच्या १९७० च्या दशकातील रेंजफाइंडर कॅमेऱ्यात घातलेला या फिल्मचा पहिला रोल धुऊन आला, तेव्हा रंग फिके आणि सावल्या मळकट पाहून मी फिल्मलाच दोष देणार होतो. निगेटिव्ह उजेडात धरल्यावर मात्र ती फारच पातळ, म्हणजे जवळजवळ पारदर्शक दिसली; याचा अर्थ फिल्मवर प्रकाश कमी पडला होता. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला असून, मी घातलेल्या १.५ व्होल्टच्या अल्कलाइन सेलमुळे तो प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवत होता आणि त्यामुळे फिल्मला प्रकाश कमी मिळत होता. पाऱ्याच्या सेलच्या जवळपास व्होल्टेज देणारा झिंक-एअर सेल घालून, शिवाय फिल्मला जास्त प्रकाश मिळावा म्हणून कॅमेऱ्यावरचा आयएसओ (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) २०० ऐवजी १०० वर ठेवून काढलेल्या दुसऱ्या रोलमध्ये विटांचा तांबडा रंग आणि संध्याकाळचे ऊन इतके सुंदर उतरले, की ही फिल्म मी मनापासून सुचवेन. घरातल्या मंद उजेडासाठी ती घेऊ नये.