घुबडाचा जर्मन लॅम्प: वासासाठी नको, उजेडासाठी घ्या

बर्लिनच्या फ्ली मार्केटमधून 45 युरोला हा चिनीमातीचा घुबड-लॅम्प घेतलाय, इथे याला राउखफेअरत्सेरर म्हणतात. 1950 च्या आसपास लोक बैठकीत बसून सिगारेटी ओढायचे तेव्हा हे कोपऱ्यात पेटवून ठेवायचे. आत छोटा बल्ब, वर एक खळगा, त्यात सुगंधी तेल घालायचं, गरमीने वास पसरतो. सिगारेटचा धूर खातो म्हणून विकायचे म्हणे, पण खातबित काही नाही, वासावर वास एवढंच.

आणि एलईडी लावला तर तेही होत नाही कारण तो तेवढा तापतच नाही. साधे पिवळे बल्ब युरोपात 2009 ते 2012 मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केले, पण फ्रीजचा 15 वॅटचा बल्ब अजून मिळतो आणि तो याच्या ई14 म्हणजे बारीक आट्यांच्या होल्डरमध्ये नीट बसतो, मी तोच लावलाय. जास्त वॅटचा लावायच्या भानगडीत पडू नका, आत हवेला जागाच नसते.

पण पैसे वसूल होतात ते उजेडात. चिनीमाती जिथे पातळ तिथे उजेड आरपार येतो, पोट मधाच्या रंगाचं दिसतं, पंखांची घडी काळपट राहते आणि काचेचे डोळे असे चमकतात की पाहुणे आधी दचकतात मग हसतात. अमेरिकेत त्याच काळात टीव्हीवर ठेवायचे पँथरवाले लॅम्प निघाले होते, ते बहुतेक जाड मातीचे, उजेड मागून भिंतीवर पडतो, प्राणी स्वतः अंधारातच. मला हे जर्मनच आवडतात.

घेताना मोबाईलचा टॉर्च आत घालून बघाच, चीर किंवा फेव्हिक्विकचं काम असेल तर काळी रेघ लगेच दिसते. कान आणि चोच आधी तपासा, तिथेच तुटतं. बुडाला वेस्ट जर्मनी असा शिक्का असेल तर माल 1949 नंतरचा, आणि गोबेल या जर्मन चिनीमाती कंपनीचा असेल तर शिक्क्यात व्ही अक्षरात मधमाशी शोधा, ती 1950 पासूनची. थुरिंगिया या जर्मन प्रांताकडचेही छान असतात, ती बाजू तेव्हा पूर्व जर्मनीत गेली होती.

वायरची मात्र बोंब. विकणारा म्हणाला चालू आहे, आणि चालूच होता, पण कापड गुंडाळलेली जुनी वायर वाकवली की आतलं रबर भुगा होऊन पडतं, तशी प्लगमध्ये अजिबात घालू नका, आधी बदलून घ्या. भारतात नेणार असाल तर व्होल्टेजचं टेन्शन नाही, तिकडेही 230 च. आई मात्र घुबड घरात नको म्हणाली, त्यामुळे पुण्याला पोपट नेणार, तेही मिळतात.

पाचपैकी चार, एक वायरसाठी कापला.