सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा: दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरात रमवायला किती कामाची?

दिवाळीत पोरांना घेऊन कोकणात घरी जाणार असाल आणि घरात वायफाय नसेल, किंवा आमच्यासारखं असून नसल्यासारखं असेल, तर वाटेत सावंतवाडीला थांबून, लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे गोल पत्ते) मिळतात त्या चितार आळीत चक्कर मारा. फक्त दुकानात शिरल्या शिरल्या जे नजरेत भरतं ते घेऊ नका, एवढं आधीच सांगून टाकते.

आमचं सासर वेंगुर्ल्याचं. दिवाळीला जावा, नणंदा, दीर सगळे पोरांसकट जमतो, सगळ्यात लहान नुकतीच तीनची झालेली आणि सगळ्यात मोठा आता मिशा फुटायच्या वयातला. लोकांना वाटतं समुद्र आहे जवळ, पोरं काय दिवसभर बाहेरच असतील. पण यंदा परतीचा पाऊस दिवाळीतही हलायचं नाव घेत नव्हता, दुपार झाली की ढग भरून यायचे, गडगडाट सुरू, आणि पहिल्या विजेबरोबर लाईट गायब, आणि त्याच दिवसांत भातकापणी, म्हणजे थोडी उघडीप मिळाली की मोठी माणसं मळ्यात, आणि घरी उरलेल्यांवर फराळ प्लस ही सगळी फौज. मोठी मुलं चावदिसापर्यंत, म्हणजे नरक चतुर्दशीपर्यंत, नरकासुराचा पुतळा बनवण्याच्या मागे असतात, कागद, गवत, खळ यातच त्यांचा वेळ जातो, पण पहाटे एकदा नरकासुर जाळला, तुळशीपाशी कारीट फोडलं, पोहे खाऊन झाले की त्यांचाही उत्साह त्या नरकासुराबरोबरच जळून जातो. मग सुरू होतं, आई बोअर होतंय.

तर यंदा येतानाच खेळण्यांची खरेदी केली. चितार आळी म्हणजे मोती तलावापासून चालत जाता येईल इतक्या जवळची बाजारातली गल्ली, चितारी लोकांची म्हणून चितार आळी. हल्ली पुढे प्लॅस्टिकच्या बंदुका आणि फुगे पण लटकवलेले दिसतात, आपल्याला हवं ते आत मांडणीवर असतं, त्यामुळे आत शिरा आणि हे इथलंच का म्हणून सरळ विचारा. दुकानाचं नाव मी देत नाहीये, कारण पुढे एक तक्रार पण आहे आणि ती सगळ्या आळीवर जायला नको.

आधी ज्याने सगळे भुलतात ते. लाकडी फळं. आंबा, काजू बोंडासकट, फणस, केळी, मिरच्या, अगदी खरी वाटतात, आमच्या एका पाहुण्यांनी टोपलीतला चिकू उचलून दाबून पण बघितला. पण खेळणं म्हणून? शून्य. मुलांनी हातात घेतली, ओळखली, ठेवून दिली, संपलं. आमच्या तीनच्या बाईसाहेबांनी आंब्याला दात लावला आणि रंगाचा टवका निघाला, तेव्हापासून टोपली कपाटावर. भेट द्यायला, दिवाणखान्यात ठेवायला मस्त वस्तू आहे, पण ज्यांना लहान मूल आहे त्यांनी पैसे इथे घालू नयेत.

रंगावरून आठवलं, खेळण्यांवर आयएसआयचा मार्क बघायची आपल्याला सवय लागलीय कारण २०२१ पासून तो सक्तीचा झालाय, पण इथे तो दिसला नाही तर घाबरून परत फिरू नका. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची नोंदणी असलेल्यांना त्यातून सूट आहे, आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला दोन्हीला जीआय मिळालेलं आहे. म्हणजे माल अशा नोंदणीवाल्यांचा असेल तर कायद्याने ठीक, पण रंग तपासायचं काम तुमच्यावर आलं. पूर्वी लाखेचं काम असायचं, आता बऱ्याच वस्तूंवर साधा ऑइलपेंट असतो. मी काय करते, ओला रुमाल घेऊन कोपऱ्यावर जरा दाबून घासते आणि नाकाजवळ नेऊन वास घेते. दुकानदार बघतो विचित्र नजरेने, बघू दे. तोंडात घालायच्या वयाचं मूल असेल तर सरळ बिनरंगाची वस्तू मागा, मिळते.

भातुकली. हिच्यासाठी मात्र पूर्ण मार्क. आम्ही घेतली ती मधल्या साइजची, त्यात चूल, पोळपाट लाटणं, जातं, पाटा वरवंटा, खलबत्ता, मांडणी, आणि एक एवढीशी घडवंची जिच्यावर काय ठेवायचं हे पोरांना कळेना म्हणून तिचा टीव्ही झाला. यातलं जातं खरोखर फिरतं, खुंटा धरून गरगर फिरवता येतं, आणि हीच गोष्ट पोरांना धरून ठेवते. पहिल्या दिवशी खोटं खोटं दळण झालं, दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या डब्यातले चुरमुरे पळवून खरं दळण, आणि त्या चुऱ्यात गूळ घालून आम्हाला सगळ्यांना कंपल्सरी लाडू. मोठा भाचा, जो आल्यापासून मोबाईलला रेंज शोधत माडाखाली उभा असायचा, तो ग्राहक म्हणून आला आणि हॉटेलचा मॅनेजर होऊन बसला, पाटीवर खडूने मेनू, उधारी बंद वगैरे. तीन वर्षांची आणि तेरा वर्षांचा एकाच खेळात, हे मी दुसऱ्या कुठल्या खेळण्याने होताना बघितलं नाही.

दोन गोष्टी सांभाळायच्या. जात्याचा खुंटा नुसता ठोकून बसवलेला असतो, तो निघतो, घेतानाच दुकानात हलवून बघा आणि घरी फेविकॉल लावून रात्रभर ठेवा. आणि पाण्याने धुऊ नका, आमच्या उत्साही कामवालीने पोळपाट घासून उन्हात ठेवला, म्हणजे ऊन होतं तेवढा वेळ, तर तो वाकला. कोरड्या फडक्याने पुसायचं बस.

भोवरे. स्वस्त, टिकाऊ, आणि भांडण लावणारे. भोवरा आणि जाळी, म्हणजे त्याची दोरी, दिली की मुलगे निदान दुपारभर तरी दिसत नाहीत, फक्त लोखंडी आर ठोकलेली असते ती बघून घ्या, सरळ मध्यात हवी, तिरकी असेल तर भोवरा डुगडुगतो आणि मग तो कोणीच घेत नाही. आमच्याकडे त्यावरून सासूबाईंचा आवाज रोज, "मेल्यांनो, सारवलेला खळा फोडून ठेवशात!" खळा म्हणजे अंगण. शेवटी मागच्या पडवीतल्या कोब्यावर परवानगी मिळाली. कोब्यावर जास्त वेळ फिरतो पण, त्यामुळे पोरं खूश.

झुलता घोडा घेऊ नका, एसटीत मावत नाही आणि एकावेळी एकच बसतो, पुढचं तुम्हाला माहितीये.

आता गंजिफा. हा यातला सगळ्यात महाग आयटम, हाताने रंगवलेला सेट काही हजारांत जातो, आणि खरं सांगायचं तर मी तो सासऱ्यांसाठी म्हणून घेतला होता, पोरांना दाखवायचा पण नाही असं ठरवून. गोल पत्ते, रंगवलेल्या लाकडी डबीत. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२, एकूण १२० पानं. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, आणि आकड्याच्या जागी चित्रं, मत्स्याच्या पंज्यावर पाच मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाचे परशू. ही कला एका टप्प्यावर संपल्यात जमा होती, जुन्या कारागिरांपैकी पुंडलिक चितारी उरले होते, त्यांच्याकडून राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी, ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केलं म्हणून आज आपल्याला पत्ता हातात धरायला तरी मिळतो. जमलं तर मुलांना आधी राजवाड्यात नेऊन कारागीर रंगवताना दाखवा, मग घरी पत्ते फेकताना हात जरा जपून चालतो. जरा म्हणजे जराच.

खेळायला तिघं लागतात, प्रत्येकी चाळीस पानं, आणि लहान मुलाच्या हातात चाळीस गोल पत्ते राहतच नाहीत, घरंगळतात, सोफ्याखाली जातात, हा मोठा प्रॉब्लेम. आमच्या दिरांनी यावर तोडगा काढला, सुपात पसरून ठेवायचे, सूप मांडीवर उभं धरलं की समोरच्याला दिसत पण नाहीत. नियम तसे सोपे आहेत, ज्या रंगाचं पान पडलं त्यातलं मोठं पान हात घेतं, हुकूम बिकूम नाही. डोकं खातं ते पुढचं, दहातल्या पाच अवतारांत राजा प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. मोठ्यांना हे लक्षात ठेवताना घाम फुटतो आणि नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला एका संध्याकाळीत पाठ, वर आजोबांना करेक्ट करायला लागली.

सगळ्यात धमाल पहिल्या पानावरून. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. आता लाईट गेलेली, बाहेर ढग दाटून आलेले, घड्याळात साडेपाच, हा दिवस का रात्र? रामवाला म्हणतो दिवस, कृष्णवाली म्हणते रात्र, अर्धा तास नुसतं यावरच भांडण चाललं होतं, एकाने तर बाहेर जाऊन कोंबड्या खुराड्यात गेल्या का ते बघून आला. शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला, "दिवो लागलो म्हणजे रात," आणि तो ऐकल्या ऐकल्या कृष्णवाली धावत जाऊन तुळशीपाशी पणती लावून आली. जिंकली पण तीच.

ज्यांना खेळायचा नाही त्यांनाही पत्ते पुरतात. धाकट्या मंडळींनी रंगाप्रमाणे लावायचे, मग मासे मोजायचे, मग अवतारांच्या गोष्टी. गावात देवळाच्या जत्रेतलं दशावतारी नाटक बघितलेल्या पोरांचा पहिला प्रश्न, त्या नाटकातल्या संकासुराचं पान कुठाय? नाहीये म्हटल्यावर निषेध, आणि पुठ्ठा कापून संकासुर बनवण्यात गेली ती संपूर्ण दुपार.

आता तक्रार. डबी घरी उघडून मोजली तर पानं १२० बरोबर, पण कूर्माचा छक्का दोनदा आणि सत्ता नाहीच. एवढे पैसे घेऊन पॅक करताना एकदा लावून बघायला काय होतं? फोन केला तर समोरून थंड आवाजात, आणा, बघू. बघू म्हणजे काय, बदलून देतो म्हणा ना. दिवाळीच्या गर्दीत वेंगुर्ल्याहून परत सावंतवाडी, एका कासवासाठी, कोण जातो. तोपर्यंत लेकीने एका छक्क्यावर काळ्या बॉलपेनने सातवं कासव काढून मोकळी झाली, बाकीच्या सहांच्या मानाने ते जरा ढेकणासारखं दिसतं पण खेळ अडला नाही. म्हणून सांगते, दुकानातच काउंटरवर बसून दहाही रंग लावून बघा, दहा मिनिटं लागतात, कोणी काही म्हणत नाही. आणि ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी छापील सेट मिळतो का तेही विचारून बघा, मुलांना खेळायला मी पुढच्या वेळी तोच शोधणार आहे, हाताने रंगवलेल्यावर फराळाचे तेलकट हात लागताना माझा जीव वरखाली होत होता.

भावात घासाघीस फार होत नाही, भातुकली आणि भोवरे एकत्र घेतले तर थोडं कमी करतात, गंजिफावर एक रुपया पण नाही, आणि ते बरोबरच आहे, एकेक पान हाताने रंगवायचं म्हणजे किती वेळ जात असेल बघा. लाकूड कुठलं हे मात्र आवर्जून विचारा. पूर्वी सगळं पांगाऱ्याचं, हलकं आणि कोरायला मऊ, आता आंबा, शिवण काहीही असतं. दुकानातल्या आजींना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "पांगारो आता खंय गावता, बाय?" म्हणजे आता मिळतोय कुठे. निदान खरं तरी बोलल्या. मुलांसाठी म्हणाल तर जड लाकूड जास्त टिकतं, फक्त पायावर पडलं की लागतं.

जायचं असेल तर सकाळी जा. दुपारी जेवणानंतर बरीच दुकानं शटर अर्धं ओढून आडवी होतात आणि चार वाजेपर्यंत हाक मारून पण उठत नाहीत, आणि संध्याकाळी दिवाळीच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही, तलावाच्या बाजूला कुठेतरी लावून चालतच यावं लागतं.